प्लास्टर रूममधला प्रयोग

४ जून

आत्या,

नमस्कार. फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि तुझ्या मते मी तुझं ऐकत नाही, म्हणून सगळं एकदाच लिहून काढते. शेवटपर्यंत वाच. मध्येच 'नाही' म्हणू नकोस.

मला खोली मिळाली. जुनी प्लास्टर रूम. भिंतींना अजून पांढरे शिंतोडे आहेत, नळ गळतो, पण दाराला आतून कडी आहे आणि मध्ये पडदा लावता येतो. कालपासून माझे पाय जमिनीवर नाहीत.

तुला माहीत आहे, शिकवायला लागल्यापासून मी रोज राउंडवरून चिडूनच घरी येते. पुढे मोठे सर, म्हणजे आमचे विभागप्रमुख. त्यांच्यामागे आम्ही शिकवणारे. मग रेसिडेंट, म्हणजे डॉक्टर झालेले पण वॉर्डात राबत पुढचं शिकणारे. सगळ्यात मागे टाचा उंचावून बघणारे विद्यार्थी. एका खाटेभोवती इतकी माणसं, की पेशंटला छत सोडून काही दिसत नाही. सर कुणाकडे तरी बोट करतात, प्रश्न टाकतात आणि उत्तर चुकलं की चारचौघांत सालटी काढतात. आम्ही असेच शिकलो, म्हणून असंच शिकवतो. पेशंटशी बोलायचं कसं, हे तर कुणी शिकवतच नाही. ते हळूहळू येतं म्हणे. येतंही. पण तोवर ज्यांच्यावर हात बसवला त्यांचं काय?

तर माझी योजना अशी. खोटा पेशंट. एक माणूस पोटदुखीचं सोंग घेऊन बसणार, रेसिडेंट त्याला तपासणार, प्रश्न विचारणार. चुकला तर चुकला, कुणी मरत नाही, पुन्हा करायचं. आणि शेवटी पेशंटनेच सांगायचं, तुमच्याशी बोलताना मला कसं वाटलं. मोठे सर ऐकून म्हणाले, "हॉस्पिटलात आधीच नाटकं कमी आहेत का?" तरी या सत्रापुरती परवानगी दिली. जुलैत कॉलेजचं मंडळ येऊन बघणार. पटलं तर कायम, नाही तर खोलीत पुन्हा सामान भरणार.

आता तुझं काम. पहिली पेशंट तू. बाईचं पोट दुखतं. ती गुडघ्यांसाठी शेजारणीकडच्या वेदनेच्या गोळ्या खाते आणि त्यांनीच पोट बिघडलंय. पण हे ती आपणहून सांगत नाही. नीट विचारलं तरच सांगते. जमेल?

तुझी
चिमणी


९ जून

चिमणे,

अनेक आशीर्वाद. शेवटपर्यंत वाचलं. मध्ये 'नाही' म्हणण्यासारखं काही सापडलं नाही, याचं मलाच नवल वाटतंय.

जमेल का म्हणून काय विचारतेस? अगं, शाळेत भूगोल शिकवून उरलेला सगळा वेळ मी नाटक कंपनीत घातला आणि मिळालं काय? बातमी आणणारी शेजारीण. दार उघडणारी बाई. एकदा तर पडदा वर जायच्या आधीच मेलेली सासू, खुर्चीवर चादर पांघरून. नायिका कधी कुणी केलं नाही. आता पोटदुखीने का होईना, प्रमुख भूमिका आली. सोडते होय मी.

पण तुझी बाई मला अजून उभी राहिलेली दिसत नाही. ती गोळ्या का लपवते? नुसतं 'सांगत नाही' म्हणून भागत नाही, मला कारण लागतं. मी कारण काढलंय, बघ पटतं का. तिच्या सुनेचं आणि त्या शेजारणीचं पटत नाही. सुनेने बजावलंय, त्या घरचं पाणीसुद्धा घेऊ नका. ही लपून गोळ्या आणते. म्हणजे डॉक्टरने 'औषधं काय घेता' असं सुनेसमोर विचारलं, तर 'काही नाही' म्हणणार. सुनेला बाहेर बसवून, जरा पुढे सरकून विचारलं, तर सांगणार. काय?

तारीख कळव. बसने येईन. येण्याजाण्याचं भाडं तुझं ऑफिस देतं असं फोनवर म्हणालीस, तर त्यांना माझा पत्ता देऊन ठेव. तब्येत उत्तम आहे. जिना चढताना थोडं थांबावं लागतं, पण या वयात जिनाही थोडा उंच होतोच.

आत्या


२० जून

आत्या,

तू संध्याकाळच्या बसने गेलीस आणि पुढची सगळी चर्चा तुझी चुकली. म्हणून लगेच लिहितेय, पोटात राहत नाही.

सुनेचं कारण म्हणजे कमाल होती, आणि सून म्हणून शेजारी रिकामी खुर्ची मांडायची तुझी युक्तीही. पुस्तकात 'पेशंटशी एकांतात बोला' असं वाक्य असतं, ते सगळे पाठ करतात आणि विसरतात. तुझ्यामुळे त्यांना ते खरंच कळलं. तो उंच, रुबाबदार रेसिडेंट आठवतो, कागदावर मान घालून धडाधड प्रश्न विचारणारा? आम्ही त्याला राजबिंडा म्हणतो. त्याला तू म्हणालीस, "तुम्ही माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीत. मी उठून गेले असते, तरी तुम्ही लिहीतच राहिला असतात." पडद्याआड आम्ही तोंडावर हात दाबून बसलो होतो. त्याचे कान लाल झाले, पण रागावला नाही. म्हणाला, परत बसू का? दुसऱ्या खेपेला त्याने पेन खाली ठेवलं, सुनेला बाहेर थांबायला सांगितलं आणि तुझ्याकडून गोळ्यांचं काढून घेतलं. आत्या, राउंडवर वर्षभर बोलणी खाऊन जे आलं नसतं ते त्याला एका दुपारी आलं.

सगळ्यांनाच जमलं असं नाही. शेवटी आलेली ती बारीक मुलगी, पहिल्या वर्षाची रेसिडेंट. तिला पुटपुट म्हणतात, कारण सरांनी विचारलं की ती ओठातल्या ओठात काहीतरी म्हणते आणि सर म्हणतात, "मोठ्याने, पेशंटला नाही तरी निदान मला ऐकू येऊ दे." तिने तुझा हात हातात घेतला तो सोडेचना. पोटाबद्दल जेमतेम दोन प्रश्न, गोळ्यांचं विचारलंच नाही. वर चर्चेत विचारते, "नाडी इतकी विस्कळीत होती, ती या केसमध्ये कुठे बसवायची?" मी म्हटलं, अगं, नाडीचं काही लिहिलेलंच नाही मी, ती तुझ्या मनातली असेल. सगळे हसले. मीही हसले.

सरांनी कच्च्या रेसिडेंटची नावं मागितली आहेत. त्यांना वॉर्डातून काढून काही महिने प्रयोगशाळेच्या कामाला लावायचं म्हणतात. हिचं नाव द्यावं लागेल असं दिसतं.

मंडळ दहा जुलैला येणार. तयारीत राहा.

चिमणी


२४ जून

चिमणे,

राजबिंड्याचं ऐकून बरं वाटलं. कंपनीतल्या मैत्रिणींना सांगितलं, तर दोघींनी लगेच विचारलं, आणखी रोग शिल्लक आहेत का. एकीला दम्याचा चांगला सराव आहे म्हणे.

आता त्या बारीक मुलीचं. तिचं नाव देऊ नकोस. का, ते विचारू नकोस. तू पडद्याआड होतीस, मी समोर होते. बाकीचे डॉक्टर केस तपासत होते, ती मला तपासत होती. हळू आवाजात तिने मला एक प्रश्न विचारला, मी उत्तर दिलं, ते आमच्या दोघींतलं. माझ्या उत्तरामुळेच पुढचं तिचं बिनसलं, एवढं समज.

आणि नाडीचं म्हणशील, तर नटी भूमिकेत शिरली की तिची नाडी घोड्यावर बसते. त्यात काय एवढं.

दहा तारखेला तीच भूमिका ना? ऐन वेळी दुसरी कुणी बसवू नकोस हं. मी सुनेच्या स्वभावावर अजून थोडं काम केलंय.

आत्या


२८ जून

आत्या,

घाईत लिहितेय. तुझा जीव मऊ आहे हे मला लहानपणापासून माहीत आहे. भूगोलात नापास व्हायला आलेल्या पोरांना तू नकाशात एक नदी काढली तरी पास करायचीस. पण इथे नदी चुकली तर माणूस जातो. पुटपुटने मुख्य प्रश्न विचारला नाही आणि नसलेली गोष्ट पाहिली. मी नाव दिलं. वाईट वाटलं, पण दिलं.

बाकी सगळं जोरात आहे. खोलीला रंग दिला, तोही आम्हीच. राजबिंडा शिडीवर होता. विद्यार्थी येऊन विचारतात, आमची पाळी कधी. राउंडला दांड्या मारणारी मुलं इथे रांग लावतात. तुझ्या मैत्रिणींना सांग, रोग पुष्कळ आहेत, भांडू नका.

चिमणी


३ जुलै

चिमणे,

हे पत्र बसून वाच.

काल सकाळी दार वाजलं. उघडते तर पुटपुट. आठवड्याची सुट्टी होती म्हणे. पत्ता तुमच्या ऑफिसातून काढला, भाड्याच्या कामासाठी दिलेला तो. खांद्याला पिशवी, घामाने डबडबलेली. मी म्हटलं, "ये गं, काय झालं?" आत आली, स्वयंपाकघरात स्टुलावर बसली आणि म्हणाली, "काकू, आज नाटक नाही. त्या दिवशी मी विचारलं, हे नाटकातलं आहे का. तुम्ही हो म्हणालात. मॅडम म्हणाल्या, त्यांनी असं काही लिहिलेलं नाही. दोघींपैकी एकीचं खोटं आहे आणि मॅडमना खोटं बोलायचं काही कारण नाही."

मी हात पुढे केला. तिने नाडी धरली, मग स्टेथोस्कोप लावला. कितीतरी वेळ ऐकत राहिली. मग तो कानातून काढून गळ्यात अडकवला. मला वाटलं, आता रागावेल. रागावली असती तर मी उलटून बोलले असते, ते मला चांगलं जमतं. पण ती नुसती थांबली. चिमणे, त्या थांबण्यापुढे माझं काही चाललं नाही. मी सांगून टाकलं. थंडीपासूनच छातीत मधूनच पाखरू फडफडल्यासारखं होतं. जिन्यावर दम लागतो. एकदा भाजी आणताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी कठड्याला धरून उभी राहिले. कुणाला सांगितलं नाही.

तिने विचारलं, "सगळ्यात जास्त भीती कशाची वाटली?"

मी म्हटलं, "दहा तारखेची भूमिका जाईल याची."

हसली नाही ती. म्हणाली, "मला वाटतं, हृदयाचा वरचा कप्पा नीट आवळला जात नाहीये, नुसता थरथरतोय. तिथे रक्त साचून गुठळी होऊ शकते. ती मेंदूत गेली तर हातपाय जातात. बोलणं जातं." पुढे म्हणाली, "गोळ्या घेतल्या तर हा धोका पुष्कळ कमी होतो. बोलणं गेल्यावर भूमिका करता येणार नाही, काकू. गोळ्या घेऊन करता येईल."

हे सगळं ओठातल्या ओठात, तुम्ही म्हणता तसंच. मला एकेक अक्षर ऐकू आलं.

तिच्याबरोबर कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेले. ईसीजी काढला. त्या पट्टीवरच्या रेघा बघून ते डॉक्टर तिला म्हणाले, "तुम्ही नुसत्या बोटांनी ओळखलंत?" रक्त पातळ करायची आणि ठोके आटोक्यात ठेवायची अशा दोन गोळ्या चालू झाल्या आहेत. मी खोटं बोलले, त्यात तिचं हसं झालं आणि नाव गेलं. माझ्याबद्दल काय म्हणायचं ते नंतर म्हण. आधी तिचं बघ.

आत्या


६ जुलै

आत्या,

तुझ्यावर मी इतकी चिडलेय की लिहिता येत नाही, आणि तू सुखरूप आहेस म्हणून इतका आनंद झालाय की चिडताही येत नाही. पत्र वॉर्डाच्या दारात उभ्यानेच वाचलं. बसून वाच म्हणाली होतीस, ते आधी का नाही ऐकलं.

त्या दिवशी मी तुझा हात हातात घेऊन तुला बसपर्यंत सोडायला आले होते. मला नाडी कळली नाही, कारण मी बघितलीच नाही. माझ्या कागदावर ती नव्हती. जो राउंड मोडायला मी निघाले, तोच मी माझ्या खोलीत भरवला. एकीला प्रश्न पडला आणि आम्ही सगळे हसलो.

दुपारी त्याच सगळ्यांना प्लास्टर रूममध्ये बोलावलं. तुझं नाव न घेता, फक्त 'आपल्या पेशंटबाई' म्हणून सगळं सांगितलं. म्हटलं, नाडी खरी होती, चूक माझी होती, आणि हसले त्याबद्दल मी हिची माफी मागते. सगळे पुटपुटकडे बघायला लागले. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही हसलात तेव्हा मला वाटलं, माझ्या बोटांनाच काहीतरी झालंय. घरी जाऊन स्वतःची नाडी बघितली, आईची बघितली, भावाची बघितली. बोटं ठीक होती." राजबिंडा उठून म्हणाला, "माझी बघ आणि कसं ओळखलंस ते दाखव." मग आत्या, तासभर खोलीत फक्त तीच बोलत होती. सगळे एकमेकांची मनगटं धरून बसलेले, आणि ती हळू आवाजात सांगतेय की ठोके मोजू नका, आधी त्यांची चाल ऐका. हळू बोलते म्हणून सगळे पुढे सरकून बसले होते. मला मागे उभं राहायला जागा नव्हती.

सरांकडे गेले. त्यांनी पुटपुटने आणलेली ईसीजीची पट्टी मागितली, बराच वेळ बघितली, यादीतलं नाव खोडलं आणि म्हणाले, "दहा तारखेला मी पहिल्या रांगेत बसेन."

तू नऊला ये. सकाळी इथे हृदयाची सोनोग्राफी करू, आमचे हृदयाचे डॉक्टर हो म्हणाले तर आणि तरच भूमिका. तीही खुर्चीत बसून. जिना चढायचा नाही, मी खाली थांबते.

चिमणी


१३ जुलै

आत्या,

मंडळाने आपल्याला पास केलं. पण हृदयाच्या डॉक्टरांनी नऊला हो म्हटलं ते गोळ्यांच्या भरवशावर, तेव्हा तू घरी पोचून गोळी घेतलीस ना, हे आधी कळव. मग पुढचं वाच.

मंडळाचं पत्र आलं. खोली कायमची आपली. पुढच्या सत्रापासून नव्या रेसिडेंटना वॉर्डात पाठवण्याआधी आपल्या खोलीतून जावं लागेल. तुझ्या मैत्रिणींना रीतसर बोलावणं येणार आहे, दमेकरीणबाईंनाही. आणि नाडीचा तास पुटपुट घेणार. पत्रात तिचं पूर्ण नाव लिहिलंय. तिने ते दोनदा वाचलं आणि मला विचारलं, "मोठ्याने बोलावं लागेल का?" मी म्हटलं, अजिबात नाही.

पण माझ्या डोळ्यांपुढून एक दृश्य हलत नाही. मंडळाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "विद्यार्थ्यांचं पाहू नंतर, आधी सर तुम्ही बसा डॉक्टर म्हणून." सर उठले, तुझ्यासमोर बसले. प्रश्न कसे, बंदुकीच्या गोळ्यांसारखे, एकही चुकीचा नाही. "औषधं काय घेता?" हा प्रश्नसुद्धा विचारला. तू सुनेच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणालीस, "काही नाही." आणि सरांनी पुढचा प्रश्न विचारला.

अध्यक्षबाईंनी वेळ संपल्याचं सांगितलं. मग सर पुढे वाकून तुझ्याशी काहीतरी बोलले, तू काहीतरी म्हणालीस आणि त्यांनी सगळ्यांना सांगितलं, "मी पुन्हा एकदा करतो." इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी हे कधी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या खेपेला तू सगळं सांगितलंस.

मी पडद्याआड होते, फटीतून दिसलं पण ऐकू आलं नाही. मध्ये काय बोलणं झालं ते सांग. सर सांगत नाहीत, नुसते गालात हसतात. ते हसतात हेच आम्हाला नवीन आहे.

चिमणी


१७ जुलै

चिमणे,

गोळी घेतली. दोन्ही घेतल्या. रोज विचारू नकोस, पुटपुट विचारते तेवढं पुरे आहे.

सांगू की नको असं झालं होतं, पण त्यात लपवण्यासारखं काही नाही आणि लपवण्याचं माझं यंदाचं खातं बंद झालंय. सर पुढे वाकले आणि म्हणाले, "बाई, मी चुकलो हे तुमच्या चेहऱ्यावर दिसलं. पण कुठे ते मला कळलं नाही. इतकी वर्षं कुणी सांगितलंच नाही हो." आवाज असा, की मी भूमिका विसरून त्यांच्याकडे बघत राहिले. वरून दगडासारखा दिसणारा माणूस, पण मला तो पहिल्या दिवशी वर्गात आलेल्या मुलासारखा वाटला. त्याला कुणीतरी बाक दाखवायला हवा, एवढंच.

मी म्हटलं, "प्रश्न बरोबर होता. फक्त तुम्ही विचारलात तो माझ्या सुनेला ऐकू गेला."

त्यांनी त्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. खरंच बघितलं, जणू तिथे कुणी बसलंय. मग उठले, ती खुर्ची दोन्ही हातांनी उचलली आणि दाराबाहेर नेऊन ठेवली. तुला पडद्यामागून वाटलं असेल, जागा करतायत. जागा नव्हते करत, माझ्या सुनेला बाहेर बसवत होते. जन्म नाटक कंपनीत काढला, पण इतकं खरं काम मी कुणाचं पाहिलं नाही.

चहाच्या वेळी मी त्यांना विचारून घेतलं, पुढच्या सत्रात विद्यार्थी म्हणून येता का. म्हणाले, वेळ काय? मी सोमवार दुपार सांगून मोकळी झालेय. तर त्यांचं नाव घाल. पुटपुटच्या तासाला घाल.

आत्या